रामशेजचा नसलेला दगड

त्या मंगळवारी सकाळी मी पूजा अर्धी टाकून उठलो. देवांना गंध लावून झालं होतं, फुलं वाहायची राहिली होती, आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलेला मोबाइल घरघरला. तो तिथे का ठेवता, असं माझी बायको सुमन गेली पाच वर्षं विचारते आहे.

मखमलाबादच्या भास्करने फोटो पाठवला होता. भास्कर आणि मी नाशिकच्या कॉलेजात बी.ए.ला एका बाकावर होतो. मी नोकरीला लागून सुरगाण्यात आलो, तो घरच्या फुलशेतीत राहिला. फोटोत आमच्या कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीचा पायऱ्यांजवळचा कोपरा होता. कोपऱ्यातल्या सगळ्यात खालच्या दगडाला शेंदूर फासला होता. त्यावर झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ, दोन विझलेल्या उदबत्त्या. खाली भास्करचा मजकूर: "काश्या, तुझा देव लय जोरात चाललाय. शनिवारी बोर्ड बी बसतोय."

दुसऱ्या फोटोत तो बोर्ड होता. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. पहिलंच वाक्य वाचलं आणि हातातलं फूल तसंच राहिलं. 'या वास्तूचा पहिला पाषाण रामशेजच्या डोंगरातून आणला असे म्हणतात. जो दगड रामाच्या देवळाला लागला, तोच येथे विद्येच्या देवळाला लागला.'

हे वाक्य माझं आहे.

प्रकरण काय आहे ते आधी सांगतो. हा ब्लॉग वाचणारे बरेच जण ज्या लेखामुळे इकडे आले, तो लेखच या प्रकरणाच्या मुळाशी आहे. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याहून परतल्यावर मी या इमारतीवर लिहिलं होतं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं तर लेख कोरडा वाटला. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे मी, माझं लिहिणं कोरडंच असायचं. म्हणून हे वाक्य घातलं. 'असे म्हणतात' असं त्यात लिहिलं आहे, पण कोणीच तसं म्हणत नव्हतं. मला सुचलं. पंचवटीतल्या रामाच्या देवळाचा दगड रामशेजचा, ही गोष्ट नाशिक जिल्ह्यात लहानपणापासून कानावर असते. त्या गोष्टीच्या दाव्याला मी आमचं कॉलेज बांधून टाकलं. लिहिताना मला गहिवरून आलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

एवढ्यावर भागलं नव्हतं. इमारतीच्या पुढच्या व्हरांड्याला मनोऱ्याच्या डावीकडे सात कमानी आहेत आणि उजवीकडे सहा. त्याचाही अर्थ मी लावून दिला होता. सात सूर आणि सहा ऋतू.

लेख मोबाइलवर फिरला. फिरता फिरता माझं नाव गळून पडलं आणि वाक्य तेवढं राहिलं. आता ते दगडावर कोरलं गेलं होतं, आणि ज्या दगडाबद्दल होतं त्याला शेंदूर लागला होता. मी रोज पूजा करणारा माणूस आहे. शेंदूर लावणं म्हणजे काय हे मला कळतं. लोकांनी देवाला म्हणून हात जोडावेत आणि समोर मी रचलेली थाप असावी, हे मला सहन होईना. बोर्ड बसायच्या आत जाऊन खरं सांगायचं ठरवलं.

"फोनवर सांगा की," सुमन म्हणाली.

"फोनवर ऐकणार नाहीत."

"आणि समोर गेल्यावर ऐकणार आहेत?"

गुरुवारची रजा टाकली.

सुरगाण्याहून नाशिकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की सकाळची एसटी चुकली तर पुढचा भरवसा जीपचा. माझी एसटी चुकली नाही, ती आलीच नाही. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हरला माहीत असतं. दिवस द्राक्षांच्या तोडणीचे. आमच्या भागातली माणसं कामाला दिंडोरीकडे उतरतात, त्यामुळे जीपमध्ये बोचकी, भाकरीची फडकी आणि एक कोंबडीही होती. मी पुढे, गियरला गुडघा अडकवून. बोरगावपर्यंतचा रस्ता वळणांचा आहे, पोटात काही न घालता बसलेलं बरं. वणीला चहा चांगला मिळतो. दिंडोरीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. द्राक्षं घ्यायची तर परतताना घ्या. जाताना घेतली तर नाशकात उतरेपर्यंत त्यांचा रस होतो.

दिंडोरी मागे पडली आणि उजव्या हाताला रामशेज दिसू लागला. मी बघायचं टाळत होतो. ड्रायव्हरने हॉर्न वाजवता वाजवता डोंगराकडे बोट केलं.

"भाऊसाहेब, ते नाशकातलं कॉलेज ह्याच डोंगराच्या दगडाचं हाय ना?"

"कोणी सांगितलं?"

"मोबाइलला आलं होतं. लय भारी लिवलंय. कोणीतरी मोठा अभ्यासक असंल."

"तो अभ्यासक नाही. लिपिक आहे."

"तुम्ही ओळखता?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. जीपमधल्या चौदा माणसांना सांगायची ज्याची हिंमत होत नाही, तो कॉलेजला काय सांगणार, असं मनात आलं आणि तिथपासून माझं डोकं फिरलेलंच होतं.

नाशकात शिरल्यावर त्यात भर पडली. सिंहस्थ जवळ आल्यामुळे सगळीकडे रस्ते उकरून ठेवलेत. गेल्या वेळी ज्या वळणाने गेलो ते वळणच आता नाही. स्टँडवरून रिक्षा करणार असाल तर आधीच सांगा की मधल्या गल्लीतून ने, नाहीतर खड्ड्याच्या कडेला उभं राहून मीटरशिवायच्या भाड्यावर चर्चा करावी लागते. मी ती केली.

भास्कर मिसळीच्या हॉटेलात वाट बघत होता. मिसळ नाशकात कुठेही खा, वाईट मिळणार नाही. रस्सा वेगळा मागा, आणि पहिल्या घासाला शूर होऊ नका.

"काय रे, तोंड पाडून बसलास?" भास्कर पाव मोडत म्हणाला. "माणूस मेल्यावर त्याचं लिवलेलं दगडावर कोरतात. तुझं जित्तेपणी कोरलं."

"भास्कर, ते वाक्य खोटं आहे."

"कंचं?"

"रामशेजचं. मी मनाने लिहिलं."

मग तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. हसू ओसरल्यावर मात्र त्याने रश्श्याची वाटी बाजूला सरकवली.

"सिंधूला माहीत हाय का हे?"

सिंधू वहिनी त्याची बायको. वहिनींचा इथे काय संबंध, ते मला कॉलेजच्या फाटकाशी गेल्यावर कळलं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाशकात जुन्या दगडी इमारतींची कॉलेजं एकापेक्षा जास्त आहेत, त्यातलं एक समजा. चूक त्यांची नाही, माझी आहे.

फाटकाच्या आत गुलमोहराच्या सावलीत सिंधू वहिनी बसल्या होत्या. पुढे टोपलीत झेंडूच्या माळा, सुटे गुलाब, हळदी-कुंकवाच्या पुड्या. पूर्वी त्या फुलबाजारात उन्हात उभ्या राहून विकायच्या. गुडघे गेल्यापासून उभं राहणं होईना, आणि बाजारात बसायला जागा मिळत नाही. वर्षभरापूर्वी दगडाला हार पडायला लागले तसा कॉलेजच्या वॉचमनने त्यांना आत बसू दिलं. सावली, पाण्याचा नळ, पाठ टेकायला भिंत.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुण्याईनं बसलेय बघा हितं."

भास्कर चपलेने माती उकरत उभा राहिला. मी म्हटलं, येतो जरा इमारत बघून.

इमारत अजून तशीच आहे. पाहिली की तक्रारी थोडा वेळ गप्प होतात. काळ्या घडीव दगडाच्या दीड हात जाड भिंती, मधे मनोरा, त्यावर बंद पडलेलं घड्याळ, उतरत्या छपरांवर मंगलोरी कौलं. व्हरांड्यात शिरलं की बाहेरचं ऊन एकदम मागे राहतं. कमानी टोकदार आहेत. त्यांच्या दगडांत चुन्याच्या रेघा इतक्या बारीक की नख जात नाही. सागवानी जिन्याचा कठडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळहातांनी गुळगुळीत झालाय. वर्गांच्या खिडक्या उंच आणि वरच्या झडपांना रंगीत काचा, त्यामुळे दुपारच्या तासाला मास्तरांच्या टकलावर हिरवा ठिपका पडायचा. मी खेड्यातल्या शाळेतून आलेला. आमच्या शाळेला दोन खोल्या आणि पावसाळ्यात एकच. पहिल्या दिवशी या व्हरांड्यात मी चपला काढून हातात घेतल्या होत्या. देवळात आलो असं वाटलं होतं. ते वाटणं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी तेवढंच लिहिलं असतं तर पुरलं असतं.

भिंतींना मात्र नवीन शहाणपण सुचलंय. व्हरांड्यातल्या खांबांना कंबरेपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय. का, तर थुंकल्याचे डाग दिसू नयेत. कोरीव दगडावर खिळे ठोकून परीक्षेच्या सूचना लावल्यात. एका कमानीत पाण्याचा कूलर आहे आणि त्याचं पाणी थेट इमारतीच्या पायावर ठिबकतं. यातल्या कशाचंच कोणाला काही वाटत नाही. वाटतं ते त्या एका कोपऱ्यातल्या दगडाचं. तिथे सगळं झाडून स्वच्छ आहे, रांगोळी आहे, पितळी घंटाही टांगली आहे.

दगडापुढे एक मुलगी डोळे मिटून उभी होती, काखेत वही. तिने डोळे उघडल्यावर मी विचारलं, "पेपर आहे का गं?"

"अर्थशास्त्र."

"हा दगड रामशेजचा नाही बरं का."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, मागच्या सेमिस्टरला मी याच्या पाया पडून गेले आणि पास झाले. तुम्ही नका ना आत्ता असं बोलू. पेपर आहे माझा." आणि माझ्या दोषाची भरपाई म्हणून तिने पुन्हा एकदा नमस्कार केला.

कार्यालयात अधीक्षक पगारेबाई होत्या. प्राचार्य मुंबईला गेले होते. माणूस हवा असतो तेव्हा तो मुंबईला असतो, हे आमच्या कचेरीतही आहे. मूळ लेख बाईंनी माझ्या ब्लॉगवरच वाचला होता, त्यामुळे मी नाव सांगितलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या, चहा मागवला.

"सर, तुमचं वाक्य घेतलं आम्ही. बघा किती सुंदर आलंय!" टेबलाशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोर्ड टेकवून ठेवला होता. त्यांनी कागद बाजूला केला.

"बाई, तेच बोलायला आलोय. ते वाक्य खरं नाही. मी रचलं. बोर्ड बसवू नका."

बाई हसल्या. मग मी हसत नाही हे पाहून त्यांनी कागद परत नीट लावला.

"म्हणजे दगड रामशेजचा नाही?"

"नाही."

"कशावरून?"

"मीच लिहिलं होतं ना. मला माहीत आहे मला कोणी सांगितलं नव्हतं ते."

"सर, तुम्हाला कोणी सांगितलं नाही म्हणजे तसं नाहीच, असं कसं म्हणता येईल? तुम्ही नुसतं लिहिलं आणि ते खरंही असू शकेल." चहा आला. "मग कुठला आहे दगड?"

"ते माहीत नाही."

"बघा. आम्हाला काहीतरी पुरावा लागेल. एखाद्या अभ्यासकाचं पत्र वगैरे."

"रामशेजचा आहे याला कुठे पुरावा मागितलात?"

"तेव्हा तुम्ही चांगलं लिहिलं होतं सर. चांगल्याला कोण पुरावा मागतं? आता तुम्ही म्हणता मी खोटं लिहिलं होतं. मग जो माणूस तेव्हा खोटं लिहितो, त्याचं आताचं खरं कशावरून?"

तीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलोय. लोकांना पुरावा आणा म्हणून परत पाठवलंय. माझ्यावर इतका चोख मुद्दा आजवर कोणी टाकला नव्हता. चहा निमूट प्यायलो.

बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. इमारतीचे जुने कागद आहेत का विचारलं होतं. ते कुठल्याशा खोलीत आहेत, खोलीची किल्ली शिपायाकडे आहे, शिपाई निवृत्त झालाय. दगड कुठला हे सांगायला दगडाशिवाय कोणी उरलं नव्हतं.

भास्कर शेजारी येऊन बसला. "काय म्हणाली बाई?"

"पुरावा आणा."

"मंग आण."

"कुठून?"

तो उठला आणि इमारतीला वळसा घालून मागे निघाला. मी त्याच्या मागे गेलो.

मागे खोलगट मैदान आहे. आमच्या वेळी त्याला नुसतं 'खड्डा' म्हणत. व्हॉलीबॉल खड्ड्यात, गॅदरिंगचा मांडव खड्ड्यात, भांडणंही खड्ड्यातच मिटवायची. तीन बाजूंना पुरुषभर उंचीच्या काळ्या कातळाच्या उभ्या भिंती. त्या भिंतींना टेकून तीन वर्षं शेंगा खाल्ल्या, पण इथे असा चौकोनी खड्डा आला कुठून, असं एकदाही मनात आलं नाही.

भास्करने कातळावरची वेल बाजूला केली. "हे बघ."

कातळाच्या कडेला ओळीने भोकं होती. बोटभर रुंद, वीत-वीत अंतराने.

"पाचरीची भोकं हायेत. आमची विहीर खांदली तवा दगडफोड्यांनी अशीच पाडली होती. एका रांगेत भोकं पाडायची, लोखंडी पाचरी ठोकायच्या, मंग दगड लाडूवाणी फुटत नाय, सरळ फाटतो. ही खाण हाय काश्या. आपण खाणीत व्हॉलीबॉल खेळत होतो."

पुढे कोपऱ्यात एक चिरा कातळातून सोडवता सोडवता तसाच ठेवलेला दिसला. तीन बाजू कापलेल्या, चौथी अजून कातळालाच चिकटलेली. भास्करने खिशातून हाराचा दोरा काढला, चिऱ्याची उंची त्यावर मोजून गाठ मारली, आणि वर येऊन तो दोरा इमारतीच्या भिंतीला लावला. एका थराला लावला, दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला. गाठ दर वेळी चुन्याच्या रेघेवर येत होती.

मग आम्ही उजव्या टोकाला गेलो. सहावी कमान संपते तिथे शेवटच्या भिंतीतून एक तिरका दगड बाहेर आलाय. कमान जिथून उठते तसा दगड. पण त्याच्या पुढे कमान नाही, पाच पावलांवर खड्ड्याची कड आहे. सातवी कमान व्हायची होती. दगड काढता काढता खाण इतकी जवळ आली, की तिला उभं राहायला जमीनच उरली नाही. गवंड्यांनी सहावर थांबवलं आणि छप्पर टाकलं.

"सहा ऋतू म्हणं!" भास्कर ओरडला आणि खड्ड्याच्या कडेला बसून हसत सुटला.

मलाही हसू आलं. पण मी त्या तिरक्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. ही इमारत कुठूनही आणलेली नव्हती. ती होती त्याच जागेतून वर आली होती, आणि जमीन संपली तिथे थांबली होती. मी रचलेल्या वाक्यापेक्षा हे किती मोठं होतं, आणि ते तीन वर्षं माझ्या पाठीला टोचत होतं.

मग लक्षात आलं की भास्कर हसायचा थांबलाय.

"तू दाखवलंस," मी म्हटलं. "तुझ्याच घरचं नुकसान."

"मला दिसलं ते दाखवलं. पुढचं तू बघ." दोरा गुंडाळून त्याने खिशात घातला.

दुपारची सुट्टी संपेपर्यंत कार्यालयाबाहेर थांबलो. पगारेबाईंना फोटो दाखवले, दोऱ्याचं सांगितलं. त्यांनी मन लावून पाहिलं, हे कबूल करायला हवं. "किती इंटरेस्टिंग आहे सर," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण खड्ड्यातला दगड, असं बोर्डवर कसं लिहायचं? सिंहस्थाला बाहेरगावची माणसं येणार. आणि बोर्ड तर कोरून झालाय." मी लेखी अर्ज दिला. त्यांनी तो घेतला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारून पोच दिली. पोचेचा अर्थ काय असतो ते मला कोणी सांगायला नको. अर्ज आता फाइलला लागेल आणि शनिवारी बोर्ड भिंतीला.

"तुम्ही तुमच्या ब्लॉगवर लिहा ना," बाई उठताना म्हणाल्या. त्यांना मला वाटेला लावायचं होतं.

फाटकाशी सिंधू वहिनी टोपली आवरत होत्या. भास्करने त्यांना सांगितलं होतं, हे त्यांच्या हातांवरून कळलं. पुड्या नुसत्या आपटत होत्या.

"वहिनी, मला ते खोडावं लागेल. बोर्डाचं माझ्या हातात नाही, पण माझ्या लेखात तरी."

"खोडा."

"तुम्हाला विचारावं म्हटलं."

"लिवलं तवा इचारलं होतं का?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी बाजारात उभी व्हते तवा तुम्ही लिवलं. मी हितं सावलीत बसले तर खोडताय. दोन्ही येळेला तुमच्याच मनाचं. मंग मला कशाला इचारता? मी नको म्हणले तर तुमच्या खोटेपणाचं ओझं माझ्या डोक्यावर, आन हो म्हणले तर माझी जागा मीच घालवली. लय हुशार हाय हं भाऊजी तुम्ही."

भास्कर म्हणाला, "अगं, पाहुणा माणूस..."

"पाहुणा असू दे नाय तर देव असू दे."

मी टोपली उचलायला पुढे झालो तर त्यांनी ती भास्करकडे दिली.

परतीची एसटी वेळेवर होती, त्याचाही राग आला. दिंडोरीत द्राक्षं घेतली. त्याच्या आधी रामशेज लागला, या वेळी तो डाव्या हाताला होता आणि अंधारायच्या आत दिसला. त्याने माझं काही बिघडवलं नव्हतं. नमस्कार केला.

शुक्रवारी पूजेला बसलो, पण मन लागेना. आतून दोन बाजूंनी ओढ होती. एक म्हणे, लोक हात जोडतात, मुलीला पेपराआधी धीर येतो, एका बाईला सावली मिळते. देवाला काय, तो कुठल्याही दगडात आहे. तू कोण मधे पडणारा? आणि दुसरी म्हणे, हे सगळं तू आज बोलतोयस, कारण गप्प बसणं सोपं आहे. देव कुठल्याही दगडात आहे, तर मग रामशेजचं नाव लावायची गरज तुला का पडली होती? इथलाच दगड तुला कमी का वाटला?

या प्रश्नापाशी मी अडकलो. खेड्यातून गेलेल्या पोराला वाटलं होतं, की मोठी गोष्ट दुसरीकडूनच यायला हवी. आपल्या पायाखालचं पुरेसं नसतं. चाळीस मैलांवरून शिकायला आलेल्या मला तेच वाटत होतं, आणि पन्नाशीला आल्यावरही तेच वाटलं म्हणून मी ते वाक्य लिहिलं.

सुमन भाजी निवडत बसली होती. "काय ठरलं?" तिने विचारलं.

"सिंधू वहिनींचं काय करू?"

"त्यांचं त्या बघतील. वॉचमनशी बोलणारी बाई आहे ती, तुमच्यासारखी अर्ज करणारी नाही. तुम्ही तुमचं करा एकदाचं. तीन दिवस घरात तेच चाललंय."

संध्याकाळी वहिनींना फोन केला. विचारायला नाही, सांगायला. उद्या सकाळी लिहितोय, म्हटलं. पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. राग गेला होता का, माहीत नाही. माझ्यावर असलेला राग त्यांनी ठेवावा, तो हक्काचा आहे.

कोणी ही इमारत बघायला जाणार असेल तर एवढंच सांगतो. पुढून बघून परतू नका, मागे जा. खड्ड्यात उतरा, वेलींमागची भोकं बघा, उजव्या टोकाचा एकटा तिरका दगड बघा. सुट्टीच्या दिवशी गेलात तर फाटकावर नाव लिहून आत सोडतात. आणि आत गुलमोहराखाली फुलं विकणाऱ्या बाई बसलेल्या दिसल्या, तर घरच्या देवासाठी फुलं त्यांच्याकडून घ्या.

आज शनिवार. तिकडे बोर्ड बसत असेल. सकाळी पूजा पुरी केली आणि मोबाइल दुसऱ्या खोलीतून आणून तो जुना लेख उघडला. आधी वाक्य पुसून टाकणार होतो. पण पुसलं असतं तर मी ते कधी लिहिलंच नाही असं झालं असतं. म्हणून ते होतं तसंच राहू दिलं आणि त्याच्या खाली लिहिलं: 'हे कोणी म्हणत नव्हतं, मी रचलं. सात सूर आणि सहा ऋतूही मीच रचले. या इमारतीचा दगड तिच्या मागच्या खड्ड्यातला आहे. हे माझा मित्र भास्कर याने शोधलं.' खाली माझं पूर्ण नाव आणि गाव घातलं. ज्या ज्या गटांवर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तो लेख पाठवला होता, त्या सगळ्यांवर तो पुन्हा पाठवला.